दिवाळीनंतरची शाळा

बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेचा हजेरीपट ऑगस्टमध्ये पाहावा आणि पुन्हा डिसेंबरमध्ये पाहावा. पटावरची नावं तीच असतात. ऑगस्टमध्ये वर्गात बसलेली निम्मी-अधिक मुलं मात्र डिसेंबरमध्ये सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूरच्या, नाहीतर थेट बेळगाव-बागलकोटच्या उसाच्या फडात, ऊसतोडीला गेलेल्या आई-वडिलांसोबत असतात. दसरा झाला की गावात ट्रॅक्टर लागतात. भांडी, धान्याची पोती, सरपण, कोंबड्या आणि लेकरं एकाच ट्रॉलीत चढतात. चार-आठ दिवसांत गावात फक्त म्हातारी माणसं उरतात, ती कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत.

शिक्षणाचं मोल सांगताना आपण पदवी, नोकरी आणि पगारापासून सुरुवात करतो. ऊसतोड कामगाराच्या घरात ते मोल फार आधी, चौथी-पाचवीच्या गणितातच ठरून जातं. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, कोयत्याला उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम देतो; ती एक लाख धरू. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ करायचं साखर संघ आणि कामगार संघटनांमध्ये ठरलं, तेव्हापासून दर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास आहे. लाखाला ३६६ ने भागलं की २७३ टन येतात. जोडपं दिवसाला दोन टन ऊस तोडत असेल तर उचल फिटायला १३७ दिवस लागतात. हंगाम ११० दिवसांत आटोपला तर २२० टन होतात, त्याचे ८०,५२० रुपये. उरलेले १९,४८० रुपये अंगावर राहतात. त्यात आठवड्याच्या बाजाराची खर्ची मिळवायची, आजारपणात पडलेले खाडे मिळवायचे. ही बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत धरली जाते आणि माणूस पुढच्या हंगामालाही त्याच मुकादमाकडे बांधला जातो.

हा एवढा भागाकार ज्याला येतो त्याची उचल घ्यायची वेळ टळत नाही. दोन एकर कोरडवाहूत पोट भरत नाही, हे शिकल्याने बदलत नाही. पण यंदा पाऊस कमी, ऊस कमी, हंगाम आखूड होणार, मग दीड लाख घ्यायचे की लाखावर थांबायचं, हे तो आधी ठरवू शकतो. वजनकाट्याची चिठ्ठी वाचू शकतो. पट्टा पडल्यावर हिशोबाला बसताना स्वतःची वही सोबत नेऊ शकतो. ज्याला हे येत नाही त्याच्यासाठी मुकादमाची वही हाच शेवटचा शब्द.

आणि नेमका हाच भागाकार त्याच्या मुलाच्या हातून निसटतो. शाळा जूनच्या मध्याला भरते. पहिले काही आठवडे उजळणीचे, मग बेरीज-वजाबाकी, गुणाकाराची सुरुवात. भागाकार आणि अपूर्णांक साधारणपणे वर्षाच्या उत्तरार्धात येतात, म्हणजे दिवाळीनंतर. दरवर्षी पहिलं सत्र वर्गात आणि दुसरं फडात काढणारं मूल वजाबाकी चार वेळा शिकतं, भागाकारापर्यंत मात्र एकदाही नीट पोचत नाही. पहिली ते चौथी या चार वर्षांत ते जेमतेम सोळा-अठरा महिने वर्गात बसलेलं असतं, आणि तेही तुकड्या-तुकड्यांत.

वाचनाचंही तसंच. अक्षरं आणि काना-मात्रा येतात, सोपे शब्द जुळू लागतात आणि तेवढ्यात कामगारांची टोळी निघते. सहा महिने हातात पुस्तक नसलं की शब्द वाचणारं मूल पुन्हा अक्षरांवर येतं. सगळ्यात मोठा फटका जोडाक्षरांना बसतो, कारण ती सरावानेच डोळ्यांत बसतात. अशा पाचवीतल्या मुलाला उचल, टन, वजन, बाकी, मुकादम हे शब्द वाचता येतील. कर्ज, व्याज, हप्ता, चिठ्ठी, शिल्लक, स्वाक्षरी यांपाशी ते अडखळेल. पैशाच्या व्यवहारातले हे सगळे शब्द जोडाक्षरांचे आहेत. अर्धवट साक्षर माणूस कागदावर सही करतो आणि फसतो, त्याचं मूळ इथे आहे.

पूर्वी हे मूल न अडता आठवीपर्यंत सरकत जायचं. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. नापास झालं तर फेरपरीक्षा, तिथेही नाही जमलं तर त्याच वर्गात. परीक्षा एप्रिलमध्ये होते. पट्टा उशिरा पडला तर मूल त्या वेळी अजून कोपीवरच, म्हणजे कामगारांच्या तात्पुरत्या झोपडीतच असतं. २०२१-२२ मध्ये ऊस इतका झाला की गाळप जूनपर्यंत चाललं. परीक्षा असावी की नसावी हा वाद वेगळा आहे. पण दुसरं सत्र न शिकवता दुसऱ्या सत्राची परीक्षा घेणं हा त्या मुलावर अन्याय आहे, आणि आज तो होतो आहे.

मूल दिसत नाही आणि तरी कुणी ओरडत का नाही, याचं उत्तर पटसंख्येत आहे. शिक्षकांची पदं मंजूर करताना ३० सप्टेंबरचा पट धरण्याची पद्धत आहे आणि टोळ्या निघतात त्यानंतर. कागदावर शाळा भरलेली दिसते. एखाद्या प्रामाणिक शिक्षकाने मूल गेल्याची नोंद करून त्याचं नाव दुसऱ्या शाळेकडे वर्ग केलं तर त्याचा स्वतःचा पट घटतो. पट घटला की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि वीसच्या आत गेला तर शाळेवरच गदा येण्याची भीती असते. म्हणून नाव तसंच ठेवलं जातं. तीस दिवस सलग गैरहजर असलेलं मूल शाळाबाह्य धरायचं, असा आपलाच निकष आहे, पण तो लावायला कोणी धजत नाही. शिक्षकाला दोष देऊन हे सुटणार नाही. हंगामी स्थलांतरित मुलाचा पट मूळ शाळेकडेच धरला जाईल आणि त्यामुळे पद कमी होणार नाही, असा स्पष्ट आदेश काढला की शिक्षक खरी नोंद करतील. या सुधारणेला एक पैसाही लागत नाही.

आता उपायांकडे. सरसकट एकच उपाय या मुलांवर लादला जातो, कारण टोळ्या दोन प्रकारच्या असतात हे मुंबई-पुण्यातल्या बैठकांमध्ये कुणाच्या लक्षातच राहत नाही. एक गाडी सेंटर. यात कामगार बैलगाडीने ऊस वाहतात, त्यामुळे कारखान्याच्या आसपास एकाच तळावर शंभर-दोनशे कोप्यांचा मुक्काम हंगामभर असतो. दुसरं डोकी सेंटर. यात मोळ्या डोक्यावरून ट्रकमध्ये किंवा ट्रॉलीत भरायच्या असतात आणि टोळी फडामागे फिरते. या गावात दहा दिवस, पुढच्या गावात पंधरा.

गाडी सेंटरच्या मुलासाठी तळाजवळची शाळा हा चालण्यासारखा मार्ग आहे. औरंगाबादच्या जनार्थ संस्थेने आणि इतरांनी चालवलेल्या साखरशाळा अशाच तळांवर उभ्या राहिल्या. कोप्यांच्या शेजारी पाचटाचं किंवा पत्र्याचं छप्पर आणि आई-वडिलांच्या वेळापत्रकाला जुळणारी शाळा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा एप्रिल २०१० मध्ये लागू झाला आणि मुलाने नियमित शाळेतच गेलं पाहिजे या भूमिकेतून साखरशाळा मागे पडल्या. तत्त्व बरोबर होतं. पाचटाच्या छपराखाली तात्पुरत्या शिक्षकाने घेतलेला वर्ग ही पूर्ण शाळा नव्हे, आणि साखरशाळा असल्यामुळे लेकरू सोबत नेणं सोपंही जात होतं. चूक झाली ती पर्याय उभा राहण्याआधीच त्या मोडल्या ही. तळ गावाच्या शाळेपासून दोन-तीन किलोमीटरवर, मध्ये उसाने भरलेल्या ट्रॅक्टरचा रस्ता. आई-वडील पहाटे चारला फडात गेलेले. सात-आठ वर्षांच्या मुलाला उठवणार कोण, जेवायला घालणार कोण आणि रस्ता ओलांडून देणार कोण? कायदा प्रवेश देतो. कलम ५ प्रमाणे दाखला नसला तरी प्रवेश अडवता येत नाही, कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात बसवून वेगळं प्रशिक्षण द्यायचं असतं. पण तळापासून शाळेपर्यंत एक टमटम आणि सोबत एक बाई लागते, त्याची तरतूद कायद्यात आपोआप होत नाही. ती कारखान्याने करावी. ऊस आणायला शेकडो वाहनं लावणाऱ्या कारखान्याला हे जड नाही.

डोकी सेंटरच्या मुलाला यातलं काहीच लागू पडत नाही. त्याच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्यायचं आणि ज्या गावात टोळी उतरेल तिथल्या शाळेत त्याला बसवायचं, ही कल्पना कागदावर चांगली आहे. पण पंधरा दिवसांसाठी आलेल्या मुलाला कुठला शिक्षक कुठून शिकवणार? नवीन वर्ग, नवीन मुलं, खिचडीच्या रांगेत परकेपणा. आणि टोळी कर्नाटकात उतरली तर समोरचा फळाच कानडी. या मुलाचं शिक्षण टिकवायचं तर त्याला मूळ गावीच ठेवावं लागतं, दुसरा रस्ता मला दिसत नाही.

हंगामी वसतिगृहाची योजना त्यासाठीच आहे. गावातल्या शाळेतच सकाळ-संध्याकाळचं जेवण, अभ्यासाला एक माणूस आणि झोपायला शाळेत किंवा आजी-आजोबांकडे. शाळा व्यवस्थापन समितीने चालवायची, स्वयंपाक गावातल्याच बायकांनी करायचा. इतकी साधी, गावाच्या आवाक्यातली आणि स्वस्त योजना शिक्षण खात्याकडे दुसरी क्वचितच असेल. ती फसते ती वेळेमुळे. टोळी निघते दसरा-दिवाळीच्या दरम्यान. त्या आठवड्यात आईला दिसावं लागतं की चूल पेटली आहे, स्वयंपाकीण आली आहे, खोलीत दिवा आहे. प्रस्ताव तालुक्याला, तिथून जिल्ह्याला आणि मंजुरी नोव्हेंबर-डिसेंबरात, असा कारभार झाला की सुरू झालेल्या वसतिगृहात मुलंच नसतात. “सुरू होणार आहे” या शब्दावर कोणतीही आई लेकरू मागे ठेवून जात नाही, आणि जाऊही नये.

यात आणखी एक गोम आहे. टोळ्या निघतात त्याच सुमारास शाळेला दिवाळीची सुटी लागते. शाळा बंद म्हणजे दुपारचं जेवणही बंद. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम धान्य मिळतं, पण फक्त शाळेच्या दिवशी. मागे राहिलेल्या मुलाचे पहिले दहा-पंधरा दिवसच उपासमारीचे आणि एकटेपणाचे जातात. त्याच दिवसांत आजी फोन करते, “याला घेऊन जा, माझ्यानं होत नाही.” मग भाऊबीजेला आलेला मामा त्याला तळावर पोचवून येतो. वसतिगृह सुटीत सुरू झालं पाहिजे, रविवारी चाललं पाहिजे आणि आजारी पडलेल्या मुलाला उपकेंद्रात कोण नेणार त्याचं नाव भिंतीवर लिहिलेलं असलं पाहिजे. पैसे ऑगस्टमध्ये समितीच्या खात्यावर आले तरच हे होतं. कोणाच्या घरातून किती कोयते जाणार, हे गावाला गणपतीतच माहीत असतं, कारण उचल त्याआधीच वाटलेली असते. सर्वेक्षणासाठी नोव्हेंबरची वाट पाहण्याचं काही कारण नाही.

मोठ्या मुलींचा प्रश्न याहून अवघड आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बीड जिल्ह्यात हेच प्रमाण ४३.७ टक्के होतं. यामागची कारणं आई-वडिलांच्या अडाणीपणावर ढकलून मोकळं होणं चुकीचं आहे. तेरा-चौदा वर्षांची मुलगी गावात एकटी ठेवायची तर भीती, तळावर न्यायची तर कोपीला दार नाही, आंघोळीला आडोसा नाही, तिथेही भीती. लग्न लावून दिलं की काळजी सासरची, आणि नव्या जोडप्याचा एक पूर्ण कोयता होतो, त्याला स्वतंत्र उचल मिळते. या तीन कारणांपुढे “मुलगी शिकवा” हे भिंतीवरचं वाक्य टिकत नाही. टिकेल ते दार, कडी आणि अधीक्षिका असलेलं वसतिगृह. संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी ८२ वसतिगृहं उभी करायचं २०२१ मध्ये ठरलं. त्यातली मुलींची आधी, स्वतःच्या इमारतीत आणि पूर्ण क्षमतेने चालावीत. सातवी-आठवीची मुलगी तिथे दहावीपर्यंत राहिली तर तिचं लग्न आपोआप तीन-चार वर्षं पुढे जातं. शिक्षणाचा याहून थेट परिणाम दाखवता येणार नाही.

यावर पैशाचं कारण पुढे केलं जातं. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे, अशी रचना आहे. दहा कोटी टन गाळपाच्या हंगामात कारखान्यांकडूनच शंभर कोटी होतात. पैसा नाही, असं म्हणायला जागा नाही. तो जून-जुलैत हातात पडतो की नाही, हा खरा प्रश्न आहे.

कोल्हापूर-सातारा या पट्ट्याला तर हे नव्याने सांगायची गरज नसावी. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं व मोफत केलं. मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी खेड्यातल्या गरीब पोराला आधी राहायला आणि जेवायला जागा दिली, मग वर्गात बसवलं. भूक आणि निवारा यांची सोय झाल्याशिवाय शाळा टिकत नाही, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलं. त्या वसतिगृहांतून शिकलेल्या पिढीने पुढे याच भागाचं सहकारी राजकारण आणि साखर कारखाने चालवले. आज त्याच कारखान्यांच्या कुंपणाबाहेर दहा वर्षांची पोरगी कडेवर भावाला घेऊन वाढ्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा भारा ओढते.

शिकून तरी काय, डी.एड. झालेली पोरंसुद्धा कोयता घेऊन जातात, हा प्रश्न गावात नेहमी विचारला जातो आणि तो खोटा नाही. नोकरीचं आश्वासन देऊन मुलाला शाळेत बसवणं ही फसवणूक होईल. पण त्या डी.एड. झालेल्या पोराच्या कोपीत हिशोबाची वही त्याच्याकडे असते, दवाखान्यातला कागद तो वाचतो, आणि त्याची स्वतःची मुलं बहुतेक वेळा गावात शाळेत असतात. दुसऱ्या पिढीत फरक पडतो, तो असा.

प्रत्येक मूल मागे ठेवावं, असंही माझं म्हणणं नाही. सहा-सात वर्षांचं, घरात आजी नसलेलं मूल सहा महिने आईविना राहू नये. ते गाडी सेंटरवर असेल तर तळाजवळच्या शाळेत बसवावं. डोकी सेंटरचं असेल तर सोबत पुस्तकं द्यावीत आणि पट्टा पडल्यावर एप्रिल-मेमध्ये गावात बुडालेला अभ्यास भरून काढणारा सेतू वर्ग घ्यावा. कोविडनंतर २०२१ मध्ये आपण राज्यभर ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम चालवला होता, तेव्हा ही गोष्ट खात्याला नवीन नाही. मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा वाचनाच्या पायरीप्रमाणे बसवायचं आणि रोज दोन तास वाचन, एक तास गणित घ्यायचं. तिसरीपासून पुढच्या मुलाने मात्र गावातच राहावं, आणि त्यासाठी आजी गावात राहिली पाहिजे.

सगळी गुंतागुंत शेवटी या आजीपाशी येऊन थांबते. फडात तान्हं मूल सांभाळायला कुणीतरी लागतं. आजी गेली तर शाळेतलं मूल गावात राहू शकत नाही. आजी राहिली तर तान्ह्यासाठी दहा वर्षांच्या ताईला नेलं जातं आणि तिची शाळा सुटते. म्हणून तळावरचं पाळणाघर हाच या मुलींच्या शिक्षणाचा पाया आहे. कामगार कायद्याप्रमाणे ठराविक संख्येहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याने पाळणाघर ठेवायचं असतं, पण ऊसतोड बाई कागदोपत्री मुकादमाची मजूर, कारखान्याची नाही, म्हणून ती या तरतुदीबाहेर राहते. तळावर पंचवीस बाळांमागे दोन बायका, एक पत्र्याची खोली, पाण्याची टाकी आणि पहाटे चारपासूनची वेळ, एवढं कारखान्याने केलं तर ताई गावात राहू शकते आणि आजीही. आणि वसतिगृहात मुलांचा स्वयंपाक होतो तेव्हा त्याच चुलीवर आजीच्या दोन भाकरीही पडाव्यात. सहा महिने एकट्या म्हातारीने स्वतःसाठी चूल पेटवायची नाही, हे ठरलं तर ती लेकरासाठी गावात थांबायला तयार होते.